पाहणाऱ्याचे ऋण

वादळ आले असता काय करावे, हे आपल्या वाडवडिलांनी फार थोडक्यात ठरवून टाकले होते. दारे-खिडक्या लावून घ्याव्यात, क्रुसापुढे मेणबत्ती लावावी आणि घरातल्या लहानथोरांनी मिळून रोझरी म्हणावी. त्यांचे चुकत होते असे कोण म्हणेल? परंतु जगात अशीही माणसे आहेत, जी आकाश काळवंडल्यावर दार लावून घेण्याऐवजी मोटारीत बसतात आणि त्या काळोखाच्याच दिशेने निघतात. अमेरिकेच्या मध्यभागी टेक्सस, ओक्लाहोमा, कॅन्सस या राज्यांच्या सपाट मैदानांवर दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत असे प्रवासी दिसतात. हवामानशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे गट त्यांत असतात. ज्या टोर्नेडोच्या भयाने गावकरी तळघर गाठतात, त्या टोर्नेडोच्या मागे ही विशी-बाविशीतली मुले धावतात.

हे ऐकून कोणी म्हणेल, 'हे निव्वळ वेड आहे.' दुसरा म्हणेल, 'ही विद्येची उपासना आहे.' आम्हांस वाटते, दोघांनीही निकाल देण्याची घाई करू नये. या प्रकारात दोन गंभीर नैतिक प्रश्न दडलेले आहेत. संकट पाहावयास मिळावे म्हणून स्वतःचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार माणसाला आहे काय? आणि ज्या वादळाने कोणाचे तरी घर मोडणार आहे, ते पाहून हर्षभरित होणे दोषास्पद आहे काय? हे प्रश्न ओक्लाहोमातील विद्यार्थ्यांपुरते मर्यादित नाहीत. दुसऱ्याचे संकट पाहण्याचा प्रसंग आपल्यावरही रोज येतो.

प्रथम या विद्यार्थ्यांचा दिवस कसा जातो, ते समजून घेऊ. ओक्लाहोमा राज्यात नॉर्मन नावाचे शहर आहे. तेथे राज्याचे विद्यापीठ आहे आणि १९६४ साली स्थापन झालेली तीव्र वादळांची राष्ट्रीय प्रयोगशाळाही आहे. मे महिन्यातील सकाळी विद्यार्थी हवामानाचे नकाशे पुढ्यात घेऊन बसतात. देशभरातून सोडलेल्या फुग्यांनी वरच्या थरांतील तापमान, आर्द्रता आणि वारे मोजून ती माहिती पाठविलेली असते. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी उबदार, दमट हवा उत्तरेस कोठवर पोहोचली आहे. पश्चिमेच्या पठारांवरून येणारी कोरडी हवा तिला कोठे भिडणार आहे. जमिनीलगतचा वारा आणि उंचावरचा वारा यांच्या दिशेत व वेगात किती फरक आहे, या तीन गोष्टींचा मेळ ते घालून पाहतात. मेळ जमला, तर दुपारनंतर एखादा मेघ दहा-पंधरा किलोमीटर उंच चढतो आणि सबंधच्या सबंध स्वतःभोवती हळूहळू फिरू लागतो. अशा फिरत्या मेघाखाली कधी कधी टोर्नेडो जन्मास येतो.

जागेचा अंदाज बांधून मोटारी निघतात. तीनशे-चारशे किलोमीटरची मजल सहज होते. मग एखाद्या लहानशा गावात पेट्रोल पंपाशेजारी गाडी लावून आकाशाकडे पाहत तासन् तास थांबावे लागते. अनेकदा वरच्या थरात उष्ण हवेचे जणू झाकण बसलेले असते. ते दिवसभर निघत नाही, आकाश निरभ्र राहते, सूर्य मावळतो आणि मुले रिकाम्या हातांनी परततात. मेघ तयार झाला तरी प्रत्येक फिरत्या मेघातून टोर्नेडो उतरत नाही. आणि उतरला तरी बहुधा दहा मिनिटांच्या आत विरून जातो. या अभ्यासात धावण्यापेक्षा वाट पाहणेच अधिक असते.

ज्या दिवशी योग येतो, त्या दिवशी हे विद्यार्थी मेघाच्या आग्नेयेस राहण्याचा प्रयत्न करतात. ही वादळे बहुधा ईशान्येकडे सरकतात. त्यामुळे त्या बाजूस गारांचा व पावसाचा पडदा आड येत नाही आणि दक्षिणेकडे निसटण्याची वाट मोकळी राहते. अनुभवी शिक्षक पहिला धडा देतात तो हाच : जाण्याच्या रस्त्याआधी परतीचा रस्ता पाहून ठेवा. मेघाकडे ओढला जाणारा वारा पाठीवर आदळत असतो. आकाशाला हिरवट झाक येते. काळ्या तळाचा एक भाग खाली झुकतो, गरगरू लागतो, सोंडेसारखा लांबत जमिनीला टेकतो. त्या क्षणी ही मुले आनंदाने ओरडतात.

या आनंदाविषयी काय म्हणावे?

सृष्टीचे रौद्र रूप पाहून मन थरारणे हे पाप असते, तर स्तोत्रसंहितेतील एकोणतिसावे स्तोत्र रचलेच गेले नसते. मेघगर्जनेत परमेश्वराचा आवाज ऐकणारा तो स्तोत्रकर्ता थरारून गेलेला आहे. तथापि पवित्र शास्त्राने वादळाची दुसरी बाजूही लपविलेली नाही. ईयोबाच्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात रानातून प्रचंड वारा येतो, घराचे चारही कोपरे ढासळतात आणि ईयोबाची सारी मुलेबाळे त्याखाली मरतात. त्याच ग्रंथाच्या शेवटी परमेश्वर ईयोबाशी बोलतो, तोही वावटळीतूनच. घरात असलेल्यांना वादळाचे पहिले रूप दिसते. दूर मैदानात उभ्या असलेल्यांना दुसरे. दूर उभे राहणाऱ्याने पहिले रूप विसरू नये, एवढीच या ग्रंथाची अपेक्षा आहे.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कबुलीजबाबा'च्या दहाव्या भागात डोळ्यांच्या वासनेचा विचार केला आहे. छिन्नविच्छिन्न प्रेत पाहण्यात कसले सुख? तरीही कोठे तसे प्रेत पडले आहे असे कळताच लोक तेथे गर्दी करतात, हे त्यांनी मार्मिकपणे टिपले आहे. पाहून मन खिन्न होणार हे ठाऊक असूनही माणूस पाहावयास धावतो. या प्रवृत्तीला त्यांनी ज्ञानाचे सोंग घेतलेली वासना मानले. पुढे संत थॉमस अक्वायनस यांनी हा विचार अधिक नेटका केला. सत्य जाणणे हे स्वतः चांगलेच आहे, असे ते सांगतात. म्हणून जाणण्याच्या इच्छेला योग्य वळण लावणारी अध्ययनशीलता हा त्यांच्या मते एक सद्गुण आहे, आणि तिची विकृती म्हणजे बेलगाम कुतूहल. मिळविलेल्या ज्ञानाचा अहंकार चढला, त्यापायी कर्तव्य मागे पडले किंवा आपल्या कुवतीबाहेर झेप घेतली गेली, म्हणजे तीच इच्छा दूषित होते. याचा अर्थ असा की, दोन विद्यार्थी एकाच मोटारीत, एकाच खिडकीतून, एकच वादळ पाहत असतील आणि तरीही त्यांची कृत्ये नैतिक दृष्ट्या भिन्न असू शकतील.

ज्ञानाच्या बाजूने जे बोलायचे ते प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. १८ मार्च १९२५ रोजी मिसुरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून एक टोर्नेडो गेला. त्यात ६९५ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांना कोणताही पूर्वइशारा मिळाला नव्हता. लोक भयभीत होतील म्हणून सरकारी हवामान खात्याच्या अंदाजांत 'टोर्नेडो' हा शब्ददेखील त्या काळी वर्ज्य होता! २५ मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातील एका विमानतळावर हवाई दलाच्या दोन अधिकाऱ्यांनी टोर्नेडोचे पहिले यशस्वी भाकीत केले, आणि १९५० साली त्या शब्दावरील बंधन उठले. लोकांच्या भीतीला घाबरून सत्य झाकून ठेवणे ही दया नव्हे, हे उमगण्यास इतकी वर्षे जावी लागली.

पुढे १९७२ साली नॉर्मनच्या प्रयोगशाळेने आणि विद्यापीठाने मिळून पाठलागाची पद्धतशीर मोहीम हाती घेतली. २४ मे १९७३ रोजी युनियन सिटी या गावाजवळ उतरलेल्या टोर्नेडोचे पथकाने जमिनीवरून चित्रीकरण केले, आणि त्याच वेळी नॉर्मनचे डॉप्लर रडार त्या मेघातील वारे मोजत होते. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या, तेव्हा टोर्नेडो जमिनीला टेकण्याआधीच त्याची खूण रडारवर उमटते, असे दिसून आले. १९९०च्या दशकात अमेरिकाभर सुमारे १६० डॉप्लर रडार उभी राहिली, त्यांच्या पाठीशी असेच संशोधन होते. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमा शहराच्या परिसरात आलेल्या टोर्नेडोतील वारे ताशी सुमारे ४८० किलोमीटर वेगाचे होते. दाट वस्तीतून गेलेल्या त्या टोर्नेडोने ३६ बळी घेतले. इशारा नसता तर हा आकडा कितीतरी पटींनी वाढला असता, यात तज्ज्ञांना शंका नाही.

शिवाय रडारला सर्वच दिसते असे नाही. पृथ्वी गोल असल्याने रडारचा किरण दूर जाता जाता जमिनीपासून उंच उंच होत जातो आणि खाली काय घडते आहे ते त्याच्या दृष्टीआड राहते. तेथे माणसाचे डोळेच लागतात. म्हणून स्कायवॉर्न या योजनेखाली शिक्षण घेतलेले हजारो स्वयंसेवक जे दिसेल ते हवामान खात्याला कळवितात. या परंपरेत आपले धर्मगुरूही आहेत. हवानातील बेलेन वेधशाळेचे प्रमुख, येशूसंघीय फादर बेनितो विन्येस यांनी उंचावरील ढगांच्या निरीक्षणातून सप्टेंबर १८७५ मध्ये क्युबातील लोकांना चक्रीवादळाचा इशारा दिला होता. त्यांच्याच संघाचे फादर फेदेरिको फौरा यांनी १८७९ साली मनिलाहून असाच इशारा दिला. ही माणसे आकाशाकडे पाहत होती ती आकाशाखालच्या माणसांसाठी.

येथे यहेज्केल संदेष्ट्याचा पहारेकरी आठवतो. गावाने त्याला तटावर उभे केले आहे. शत्रूची तलवार येताना त्याने पाहिली आणि कर्णा वाजविला, तर तो आपल्या कर्तव्यातून मुक्त झाला. पण पाहूनही त्याने कर्णा वाजविला नाही, तर मेलेल्यांच्या रक्ताचा जाब परमेश्वर त्या पहारेकऱ्याला विचारील. पहारेकऱ्याने तलवार उपसलेली नाही, त्याने कोणाला मारलेले नाही. त्याने पाहिले, हेच त्याच्या जबाबदारीचे मूळ आहे. पाहणे ही फुकटची गोष्ट नाही. पाहणाऱ्याच्या माथी ऋण चढते. टोर्नेडोचा पाठलाग करणारा विद्यार्थी जेव्हा कॅमेरा बाजूला ठेवून आधी इशारा कळवितो, तेव्हा तो हे ऋण फेडत असतो.

आणि कर्णा वाजविणे तरी पुरेसे असते काय? २७ मार्च १९९४ रोजी झावळ्यांचा रविवार होता. अलाबामा राज्यातील गोशेन येथील मेथडिस्ट चर्चमध्ये उपासना चालू असताना टोर्नेडो येऊन आदळला आणि छताखाली २० भाविक मरण पावले. त्यांत पाळकबाईंची चार वर्षांची मुलगी होती. हवामान खात्याने बारा मिनिटे आधी इशारा दिला होता. परंतु तो त्या चर्चमध्ये बसलेल्यांपर्यंत पोहोचला नाही. देवाच्या घरात, देवाची स्तुती करीत असताना हे का घडावे, या प्रश्नापुढे आम्ही धर्मगुरूही निरुत्तर होतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांहून अधिक पापी होती काय, असा प्रश्न प्रभू येशूने स्वतःच विचारला आणि त्याचे 'नाही' असे स्पष्ट उत्तर दिले. मरणाच्या कारणांचा हिशेब आपल्याकडे नाही. इशारा शेवटच्या बाकापर्यंत पोहोचविण्याचे काम मात्र आपल्याकडे आहे.

आता धोक्याचा प्रश्न. टिम समारास हे या क्षेत्रातील नावाजलेले अभियंते होते. २४ जून २००३ रोजी साऊथ डकोटा राज्यातील मँचेस्टरजवळ त्यांनी टोर्नेडोच्या वाटेवर ठेवलेल्या यंत्राने हवेचा दाब १०० मिलिबारने उतरल्याची नोंद केली. सावध माणूस म्हणून त्यांचा लौकिक होता. तरीही ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रेनोजवळ ते स्वतः, त्यांचा चोवीस वर्षांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे तिघेही मरण पावले. त्या टोर्नेडोने अचानक दिशा व वेग बदलला, आणि त्याचा घेर वाढत वाढत ४.२ किलोमीटर झाला. इतका रुंद टोर्नेडो त्यापूर्वी कधी नोंदला गेला नव्हता. पाठलाग करणाऱ्यांचा जीव प्रत्यक्ष टोर्नेडोने घेतल्याची ती पहिली ज्ञात घटना. त्याआधी आणि नंतरही काळ आला तो बहुधा रस्त्यावरच. १९८४ साली ओक्लाहोमा विद्यापीठाचा एक विद्यार्थी पाठलागाच्या प्रवासात मोटार अपघाताने गेला. २९ एप्रिल २०२२च्या रात्री त्याच विद्यापीठाचे हवामानशास्त्राचे तीन विद्यार्थी कॅन्ससमधील वादळ पाहून परतत होते. ओल्या महामार्गावर त्यांची गाडी घसरली आणि तिला ट्रकची धडक बसली. तिघेही गेले. वादळ मागे राहिले होते. ती मुले घराकडे निघाली होती.

या मृतांना आपण बेपर्वा ठरवू नये. शिलोहाचा बुरूज येथेही आठवावा. परंतु जिवंत असलेल्यांनी विचार केला पाहिजे. धैर्याचा सद्गुण दोन बाजूंनी नासतो, असे ख्रिस्ती नीतिशास्त्र सांगते : एकीकडे भ्याडपणाने आणि दुसरीकडे धाडसाच्या अतिरेकाने. सैतानाने प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेऊन 'उडी टाक, देवदूत तुला झेलतील' असे सुचविले. प्रभूने उडी टाकली नाही, कारण त्या उडीने कोणाचेही भले होणार नव्हते. तो केवळ देवाला पारखण्याचा प्रकार झाला असता. हाच प्रभू पुढे क्रुसाच्या वाटेवर स्वतः चालत गेला. धोका दोन्हीकडे होता, हेतू निराळा होता. तरुणांनी हा भेद मनात ठेवावा. आपला जीव एकट्या आपला नसतो. शेजारी बसलेल्या मित्राचा जीव आपल्या हाती असतो, आणि घरी कोणाची तरी आई रात्री फोनची वाट पाहत जागी असते. परतीचा रस्ता आधी पाहून ठेवणे, दमलेल्या मित्राला गाडी चालवू न देणे, अंधार पडल्यावर मोह आवरणे, या बारीकसारीक गोष्टींतच विवेक नावाचा सद्गुण वास करतो.

एल रेनोच्या त्या सायंकाळी आणखी एक गोष्ट दिसून आली. वादळापासून पळणाऱ्या रहिवाशांच्या मोटारींनी रस्ते भरून गेले होते, आणि त्याच रस्त्यांवर वादळ पाहावयास आलेल्यांचीही गर्दी होती. ज्ञानासाठी निघालेले थोडे, चित्रफितीसाठी निघालेले पुष्कळ. बघ्यांची गर्दी निसटणाऱ्याची वाट अडवू लागली, की कुतूहल निरुपद्रवी राहत नाही.

मग या मुलांनी करावे तरी काय? इसवी सन ७९मधील एक प्रसंग यावर प्रकाश टाकतो. व्हेसुव्हियस पर्वतावर विचित्र आकाराचा मेघ उठलेला पाहून थोरला प्लिनी हा रोमन आरमारप्रमुख, जो मोठा निसर्गपंडितही होता, तो जवळून पाहण्यासाठी एक हलके जहाज सज्ज करवितो. निघतानिघताच पायथ्याशी अडकलेल्या एका स्त्रीची मदतीसाठी चिठ्ठी येते. प्लिनी बेत बदलतो. हलके जहाज सोडून मोठी जहाजे पाण्यात लोटतो आणि लोकांना सोडविण्यासाठी त्याच पर्वताकडे निघतो. त्या मोहिमेत तो मरण पावला. त्याच्या पुतण्याने हा वृत्तान्त एका पत्रात लिहून ठेवला आहे. पर्वत तोच, दिशा तीच. चिठ्ठी हाती पडल्यावर विद्वानाचा प्रवास बंधूचा प्रवास झाला. प्रत्येक पाहणाऱ्याच्या आयुष्यात अशी चिठ्ठी केव्हा तरी येते. टोर्नेडो मोकळ्या मैदानात असेतो विद्यार्थ्याने खुशाल पाहावे, मोजावे, आनंदही मानावा. तो गावात शिरला की गाडी थांबवून ढिगाऱ्याकडे वळावे. तसे वळणारे विद्यार्थीही आहेत, आणि त्यांच्या आनंदाला कोणी नाव ठेवू नये.

आपल्या धर्मग्रामांत टोर्नेडो येत नाहीत. परंतु महामार्गावर अपघात होताच आपल्यापैकी किती हात रुग्णवाहिकेला फोन लावतात आणि किती हात चित्रफीत घेतात? शेजारच्या घरात दारूचे वादळ उठते, कोणाचा संसार मोडकळीस येतो, कोणाचा मुलगा कर्जात बुडत जातो. आकाश काळवंडताना आपल्याला सर्वांआधी दिसते. मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात त्याची चर्चाही रंगते. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणसाला तिघांनीही पाहिले होते. त्यांतील पहिला याजक होता, हे आम्हां धर्मगुरूंना विशेष लक्षात ठेवावे लागते. तिसऱ्याने मात्र पाहिले आणि तो थांबला.

तेव्हा आपल्या मुलामुलींना आकाशाचे भय शिकवू नये. त्यांना विज्ञान शिकू द्यावे, दूर जाऊ द्यावे, देवाच्या सृष्टीचा थरार अनुभवू द्यावा. निघताना त्यांना एवढेच सांगावे की, बाळांनो, परतीचा रस्ता आधी पाहून ठेवा. जे दिसेल ते ज्याला कळायला हवे त्याला लगेच कळवा. आणि वादळ कोणाच्या घरावर कोसळले, तर पाहणे थांबवून त्या घराकडे चालू लागा. आपणही या येत्या आठवड्यात आपल्या वाडीतील अशा एका घराचे दार ठोठावू या.